साडेतीन किलोची रायफल आणि कुरकुर करणारे सैनिक

हेडफोन लावलेत का? लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, आज बोलायला बरंच आहे.

सुरुवात एका प्रश्नानं करतो. तुमच्यापैकी किती जण बीजीएमआय खेळता? बहुतेक सगळेच. मग स्कार-एल माहीत असणारच. उतरल्या उतरल्या स्कार मिळाली की जीव भांड्यात पडतो. तर ही बेल्जियन कंपनीची स्कार २०१० साली एका खऱ्याखुऱ्या स्पर्धेत हरली होती. गेममध्ये नाही, एका देशाच्या लष्कराच्या टेंडरमध्ये. देश चेक प्रजासत्ताक, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पाव आकाराचा. आणि तिला हरवणाऱ्या रायफलचं नाव होतं सीझेड ८०५ ब्रेन.

पण आजची गोष्ट जिंकण्याची नाही, जिंकल्यानंतर काय झालं त्याची आहे. कारण ही टेंडर जिंकलेली, तपासून घेतलेली नवी कोरी रायफल सैनिकांच्या हातात पडली आणि पाचेक वर्षांत कंपनीला ती जवळजवळ पहिल्यापासून नव्यानं करावी लागली.

मी या विषयाकडे कसा वळलो, ते आधी सांगतो. माझे आजोबा फौजेत होते. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, घरटी एक माणूस फौजेत, तसेच तेही. १९६३ मध्ये भरती झाले आणि हवालदार म्हणून परत आले. मी कधीतरी त्यांच्यासमोर मोबाईलवर एका रायफलीचा व्हिडिओ बघत होतो आणि त्यात 'ब्रेन' हा शब्द आला. आजोबांनी लगेच मान वर केली. म्हणाले, "ब्रेनगन? आरं, ती तर माझ्याच खांद्यावर व्हती की!"

मी म्हटलं, आजोबा, ही वेगळी. ही चेक लोकांची आहे. ते म्हणाले, "असंल. पन नाव आमचंच हाय."

मी शोधलं, आणि आजोबा अर्धे बरोबर निघाले. नाव खरंच तेच आहे. फक्त ते आधी आमचं नव्हतं, चेक लोकांचंच होतं.

झालं असं. १९२० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरात वाच्लाव होलेक नावाच्या डिझायनरनं एक हलकी मशीनगन तयार केली, झेडबी २६. ब्रिटिशांना १९३० च्या दशकात नवी मशीनगन हवी होती. त्यांनी ठिकठिकाणच्या तोफांच्या नव्हे, मशीनगनच्या चाचण्या घेतल्या, ही चेक गन त्यांना पसंत पडली, आणि त्यांनी आपल्या .३०३ काडतुसासाठी ती बदलून घेतली. मग ती लंडनजवळच्या एनफिल्डच्या कारखान्यात बनू लागली. ब्रनोमधलं 'ब्र' आणि एनफिल्डमधलं 'एन' घेऊन झालं ब्रेन. मेंदूशी काही संबंध नाही! दुसऱ्या महायुद्धात भारतीय पलटणींनी हीच वापरली, स्वातंत्र्यानंतरही वापरली, आणि पुढे आपल्याकडे ती ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बदलून एलएमजी म्हणून कितीतरी वर्षं चालली. आजोबा सांगतात की जुन्या गनचं मॅगझिन केळ्यासारखं वाकडं होतं आणि नव्या गनचं जवळजवळ सरळ. ते बरोबर आहे. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. अशी काडतुसं एकावर एक रचली की रास वाकते, म्हणून मॅगझिनही वाकडं. कड गेली, मॅगझिन सरळ झालं.

ब्रेनगनचं वजन साधारण दहा किलो. हा आकडा लक्षात ठेवा, आजोबा शेवटी परत येणार आहेत.

आता चेक लोकांकडे. ब्रनोची ही परंपरा आहे, म्हणून हत्याराच्या बाबतीत ही माणसं जरा मानी आहेत. दुसरं महायुद्ध संपलं, देश सोव्हिएत गटात गेला. वॉर्सा करारातल्या बाकी सगळ्या देशांनी मुकाट्यानं एके-४७ च्या घराण्यातली रायफल घेतली. पोलंडनं घेतली, हंगेरीनं घेतली, पूर्व जर्मनीनं घेतली. चेकोस्लोव्हाकिया एकटाच म्हणाला, काडतूस तुमचं चालेल, रायफल आम्ही आमची करू. १९५६ मध्ये यिरी चेर्माक या डिझायनरच्या हाताखाली काम सुरू झालं. गुप्त नाव होतं 'कोश्त्ये', म्हणजे केरसुणी. दोन वर्षांत रायफल तयार. तिचं नाव व्हीझेड ५८, 'व्हीझेड' म्हणजे त्यांच्या भाषेत नमुना.

तुम्ही फोटो पाहिलात तर शंभरातले नव्वद जण म्हणतील, ही तर एके-४७. तेच वाकडं मॅगझिन, तोच एकूण आकार. पण आत उघडून बघा, एकही भाग एकेचा नाही. एकेमध्ये बोल्ट गोल फिरून नळीला कुलूप लागतं, इथे बोल्टच्या खाली एक ठोकळा वरखाली होऊन कुलूप लावतो. एकेमध्ये घोडा फिरून पिनवर आदळतो, इथे स्ट्रायकर सरळ रेषेत पुढे जातो. मॅगझिनसुद्धा एकमेकींना बसत नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे रिकामी व्हीझेड ५८ भरते साधारण २.९ किलो. त्या काळच्या एकेपेक्षा चांगली अर्धा किलो हलकी.

हा २.९ सुद्धा लक्षात ठेवा. आज आकडे जरा जास्तच देतोय, माफ करा.

१९८४ पर्यंत या रायफली बनल्या, नऊ लाखांच्या वर. दरम्यान सोव्हिएत संघ छोट्या ५.४५ मिलिमीटरच्या गोळीकडे वळला होता, म्हणून चेक लोकांनीही नव्या रायफलीचा प्रकल्प काढला, 'लाडा'. त्याच नावाची रशियन मोटार होती, तिच्याशी याचा संबंध नाही. १९८० च्या दशकात प्रोटोटाइप झाले, चाचण्या झाल्या, आता उत्पादन सुरू करायचं इतक्यात नोव्हेंबर १९८९ उजाडला. प्रागच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले, मखमली क्रांती झाली, कम्युनिस्ट सत्ता गेली. वॉर्सा करार गेला. मग १ जानेवारी १९९३ ला देशाचेच दोन भाग झाले, चेक आणि स्लोव्हाक. अशा वेळी नव्या रायफलीला पैसे कोण देणार? आणि ज्या काडतुसासाठी ती केली, ते काडतूस आता परक्या गोटाचं. लाडा बारगळली. पुढे ती नाटोच्या काडतुसासाठी बदलून 'सीझेड २०००' या नावानं विकायला काढली, पण स्वतःच्या लष्करानं ती घेतलीच नाही.

इंजिनिअर म्हणून मला या लाडाचं फार वाईट वाटतं. कुणीतरी दहा वर्षं त्या ड्रॉइंगवर बसलं असणार. एका रात्रीत टोळी बदलली आणि ड्रॉइंग कपाटात गेलं.

मार्च १९९९ मध्ये चेक प्रजासत्ताक नाटोत आला. नाटोची रायफलीची गोळी ५.५६ मिलिमीटर. चेक सैनिकाच्या हातात मात्र तीच आजोबांच्या काळातली व्हीझेड ५८ आणि तिच्यात सोव्हिएत ७.६२ बाय ३९ चं काडतूस. आता म्हणाल, गोळी ती गोळी, काय फरक पडतो?

फरक असा पडतो. ७.६२ बाय ३९ ची गोळी साधारण आठ ग्रॅमची, सेकंदाला सातशे मीटरच्या आसपास वेगानं जाणारी. ५.५६ ची गोळी चार ग्रॅमची, वेग नऊशेच्या आसपास. हलकी आणि वेगवान, म्हणून लांबपर्यंत कमी खाली पडते, खांद्याला धक्का कमी बसतो, नेम लवकर परत लागतो. शिवाय काडतूसच हलकं असल्यामुळे त्याच वजनात जास्त गोळ्या नेता येतात. पण खरी अडचण दोस्तीची होती. २००८ ते २०१३ या काळात चेक तुकडी अफगाणिस्तानातल्या लोगर प्रांतात होती. आजूबाजूला अमेरिकन. वेळ आली, गोळ्या संपत आल्या, तर शेजारच्या अमेरिकन सैनिकाकडून मॅगझिन मागून उपयोग नाही. ते बसणारच नाही. आपण मित्राकडून मोबाईलचा चार्जर मागतो आणि पिन वेगळी निघते, तसं. फक्त इथे बॅटरी संपली तर फोन बंद पडत नाही, माणूस जातो.

म्हणून २००९ मध्ये संरक्षण मंत्रालयानं टेंडर काढलं. २७ रायफली स्पर्धेत आल्या. शेवटी उरल्या दोन, बेल्जियमच्या एफएन कंपनीची स्कार आणि उहेर्स्की ब्रोद या गावच्या चेस्का झ्ब्रोयोव्का कंपनीची ८०५. हे उहेर्स्की ब्रोद मोराविया भागात, देशाच्या पूर्वेकडे. १९३६ मध्ये तिथे मुद्दाम कारखाना काढला, कारण जर्मनीची सीमा लांब पडावी. जर्मन तरीही आले, पण कारखाना राहिला, आणि या गावचं नाव आज जगभरचे हत्यारवाले ओळखतात.

२०१० च्या सुरुवातीला ८०५ जिंकली. जुलै २०११ मध्ये पहिल्या ५०५ रायफली लष्कराला मिळाल्या. एकूण ऑर्डर आठ हजारांच्या घरात, लांब नळीच्या आणि आखूड नळीच्या मिळून. नाव ठेवलं ब्रेन. साहजिक आहे, इतकं नाव कमावलेला पूर्वज घरात असताना दुसरं कशाला शोधायचं?

कागदावर ही रायफल म्हणजे एकदम भारी. वरचा भाग ॲल्युमिनियमचा, खालचा पॉलिमरचा. गॅसच्या दट्ट्यावर चालणारी, फिरता बोल्ट. दस्ता घडी होतो, मागेपुढे होतो. डावखुऱ्यालाही उजव्याइतकीच सोयीची. मॅगझिन अर्धपारदर्शक, किती गोळ्या उरल्या ते दिसतं. नळी, बोल्ट आणि मॅगझिनची खोबण बदलली की दुसऱ्या काडतुसाला तयार. एकेक गोळी, दोन-दोन गोळ्या किंवा सलग, असे तीन प्रकार.

आणि वजन? रिकामी साधारण ३.६ किलो.

म्हणजे बघा, पन्नास वर्षांपूर्वीच्या रायफलीपेक्षा नवी रायफल सातशे ग्रॅम जड. तिच्यावर दुर्बीण लावा, टॉर्च लावा, पुढची मूठ लावा, मग आणखी. सैनिक अंगावर बुलेटप्रूफ जाकीट घालतो, पाणी घेतो, रेडिओ घेतो, गोळ्या घेतो. सैनिकांनी कुरकुर सुरू केली. जड आहे. पुढून जड लागते. मॅगझिन पुन्हा वेगळंच, ज्या नाटोच्या दोस्तांसाठी एवढा खटाटोप केला त्यांचं मॅगझिन थेट बसत नाही, त्यासाठी खोबण बदला.

इथे थांबून माझ्या कामातलं सांगतो. मी चाकणजवळ एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करतो. आम्ही एक क्लिप केली होती. सगळ्या चाचण्या पास, ग्राहक खूश, सह्या झाल्या. लाइनवर गेली आणि तिसऱ्या आठवड्यात तिथल्या एक ताई म्हणाल्या, "दादा, दिवसाला आठशे बसवते मी ह्या. अंगठा वाकत नाही रात्री. भाकरी थापता येत नाही." आमच्या एकाही चाचणीत अंगठा नव्हता. क्लिप बसते की नाही ते आम्ही मोजलं होतं, आठशेवी बसवताना काय होतं ते नाही. आमच्या साहेबांचं पहिलं वाक्य होतं, "सवय होईल." ती क्लिप बदलायला आम्हाला सात महिने लागले, आणि त्यातले पाच महिने बदलायची की नाही हे ठरवण्यात गेले. त्या ताईंनी तोवर काम सोडलं होतं.

म्हणून चेक लोकांनी पुढे जे केलं ते मला मोठं वाटतं. तेही म्हणू शकले असते, सवय होईल. रायफल टेंडरमध्ये पास आहे, नियमात बसते, पैसे दिलेत. तसं न करता उहेर्स्की ब्रोदमध्ये पुन्हा ड्रॉइंग बोर्डवर बसले आणि २०१५-१६ च्या सुमाराला ब्रेन २ आली.

नावात फक्त दोनचा आकडा जोडलाय, पण रायफल बरीचशी नवी. वजन नळीच्या लांबीप्रमाणे तीन किलोच्या आसपास, आखूड नळीची तर त्याच्याही आत. म्हणजे सहाशे ग्रॅमच्या आसपास काढून टाकलं. दोन-दोन गोळ्यांचा प्रकार काढून टाकला, कारण त्यानं चापाची यंत्रणा उगाच गुंतागुंतीची होते आणि शिकलेला सैनिक तसंही बोटानं ते करतो. मॅगझिन थेट नाटोचं. बोल्ट अडकवायची-सोडायची कळ चापाच्या कड्याच्या आतच दिली, म्हणजे मूठ न सोडता त्याच बोटानं काम होतं. बहुतेक बदल 'वाढवलं' असे नाहीत, 'काढलं' असे आहेत. माझं आपलं मत, पहिल्या ब्रेनमध्ये सगळ्यांना सगळं द्यायचा मोह झाला होता. टेंडरच्या कागदावर प्रत्येक सोयीला एक टिक मिळते. पण प्रत्येक सोय खांद्यावरून कुणीतरी वाहून नेत असतं.

२०१६ मध्ये लष्करानं ब्रेन २ ची पहिली ऑर्डर दिली, अडीच हजारांच्या आसपास. मग २०२० मध्ये मोठा करार झाला, काही वर्षांत मिळून १६ हजारांपर्यंत ब्रेन २, सोबत पिस्तुलं आणि ग्रेनेड लाँचर. चेक लष्करात सक्तीची भरती २००४ अखेर बंद झालीय, पगारी सैन्य वीस-पंचवीस हजारांच्या घरातलं. त्या मानानं हा आकडा केवढा मोठा आहे ते बघा.

आता यातली गंमत ऐका. ज्या ७.६२ बाय ३९ च्या काडतुसापासून सुटका व्हावी म्हणून चेक लोकांनी एवढं केलं, त्याच काडतुसातली ब्रेन २ फ्रान्सच्या जीआयजीएननं घेतली. जीआयजीएन म्हणजे ओलीस सोडवणारी, अतिरेक्यांशी भिडणारी त्यांची नामांकित तुकडी. २०१५ च्या पॅरिसमधल्या हल्ल्यांनंतर त्यांना जवळच्या अंतरावर जास्त जोरानं मारणारी आखूड रायफल हवी होती. संख्या थोडी, शंभराच्या आत, पण नाव केवढं झालं!

आणि आपल्याकडे? आपली इन्सास रायफल पुण्यात पाषाणला, एआरडीईमध्ये डिझाइन झाली. तीही ५.५६ ची, वजन चार किलोच्या आसपास. कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी तेव्हा पेपरांत आल्या होत्या. सुधारणा झाल्या, पण शेवटी लष्कर ७.६२ कडे वळलं, सिग ७१६ आणि अमेठीत बनणारी एके-२०३. यातल्या एके-२०३ चं काडतूस कोणतं? ७.६२ बाय ३९. तेच. इन्सासवर सविस्तर भाग करायचाय, त्यामुळे आज इथेच थांबतो, नाहीतर गाडी पाषाणवरून परत येणार नाही.

ब्रेन २ आता हंगेरीत परवान्यानं बनते. युक्रेनच्या सैनिकांच्या हातात आहे, तिथे बनवायचाही करार झालाय. आणि २०२१ मध्ये या चेक कंपनीनं अमेरिकेची कोल्ट विकत घेतली. ज्या कोल्टनं अमेरिकन सैन्याला एम-१६ दिली, ती कोल्ट! व्हीझेड ५८ सुद्धा संपलेली नाही. २०२२ मध्ये चेक सरकारनं युक्रेनला हत्यारं पाठवली त्यानंतर तिथल्या फोटोंत त्या जुन्या रायफली दिसू लागल्या. १९५८ ची रायफल, पुन्हा खंदकात. हे वाचून मला कौतुक वाटलं आणि लगेच कसंतरीही झालं. ज्या डोक्यांनी एवढा विचार करून सहाशे ग्रॅम कमी केले, ते शेवटी कशासाठी, हे काही विसरता येत नाही. आजोबाही विसरत नाहीत. एकाहत्तरच्या लढाईतला त्यांचा 'नंबर दोन', म्हणजे गनसोबत जादा नळी आणि मॅगझिनं घेऊन चालणारा जोडीदार, त्याच्याबद्दल ते बोलत नाहीत. मी एकदा विचारलं होतं. ते उठून गोठ्यात गेले.

हा भाग लिहून झाल्यावर मी गेल्या रविवारी गावी गेलो आणि त्यांना ब्रेन २ चा फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता रेंज विचारतील, मिनिटाला किती गोळ्या विचारतील.

म्हणाले, "वजन किती?"

मी म्हटलं, तीन किलो, आजोबा.

"भरल्याली का रिकामी?"

रिकामी.

"आन् भरल्याली?"

मी मोबाईलवर हिशेब केला. एक काडतूस बारा ग्रॅम, तीस काडतुसं म्हणजे तीनशे साठ, त्यात मॅगझिनचं वजन. म्हटलं, अर्धा किलो वाढेल.

आजोबांनी फोन माझ्या हातात परत दिला. "मंग साडेतीनच की रं," म्हणाले, आणि चहा सांगायला आत गेले.

चला मंडळी, आज एवढंच. पुढच्या वेळी पाषाणला जाऊ, इन्सासच्या गोष्टीसाठी. तुमच्या घरात कुणी फौजी असेल तर त्यांच्या खांद्यावर काय होतं आणि ते किती किलोचं होतं, हे विचारून मला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. भेटू.